भीती वस्तीची, धोका गेटच्या आत

घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांचा. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. तेव्हा शत्रू खाडीतून येई. आज याच परिसरातल्या सोसायट्यांच्या गेटवर कोणाची पिशवी तपासतात? घरकाम करणाऱ्या बाईची. जातीचे नाव कुणी घेत नाही. 'ती वस्ती' एवढे म्हटले की पुरते.

मित्रहो, ही भीती आपोआप आलेली नाही, ती कायद्याने घडवली. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी जन्मानेच गुन्हेगार ठरले. पोलिसांकडे हजेरी लागली, सोलापुरात काटेरी तारेचे कुंपण आले. जन्मावरून माणूस ठरवणे ही मनुस्मृतीचीच रीत. इंग्रजांनी तिला पोलिसी दप्तर दिले. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, संशय मात्र राहिला. तुरुंग नियमावल्यांतल्या जातिभेदाच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या, त्या थेट ३ ऑक्टोबर २०२४ रोजी!

आता वास्तव पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात की, बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मालक. शिवाय हे आकडे फक्त नोंदलेल्या गुन्ह्यांचे. ज्या अत्याचाराची फिर्यादच घेतली नाही, तो कोणत्या रकान्यात मोजणार?

म्हणून आम्ही म्हणतो, वस्तीवर आळ आला की पहिला प्रश्न विचारा: पुरावा काय? आणि वस्तीतली बाई तक्रार घेऊन निघाली, की तिच्यासोबत ठाण्यात जा. फिर्याद नोंदवल्याशिवाय परतू नका.

जय भीम!