भायखळ्याहून देवळालीला

नाशिकजवळच्या देवळालीतील बार्न्स शाळा १९२५ सालची. ती चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी मात्र शाळेहून ११० वर्षांनी मोठी, आणि या सोसायटीने दत्तक घेतलेली मुंबईतील धर्मादाय शाळा त्याहूनही जवळजवळ शतकभर जुनी आहे. अँग्लिकन पंथाच्या पाद्र्यांनी गोऱ्या शिपायांच्या पोरक्या मुलांसाठी काढलेली ही शाळा पुढे मुलामुलींची निवासी शाळा झाली, आणि अखेर सर्व जातिधर्मांच्या भारतीय मुलांची.

रेव्हरंड रिचर्ड कॉब हे ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतील पाद्री. मुंबईच्या कोटातले सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले, त्यामागे त्यांचीच खटपट होती. त्याच सुमारास त्यांनी एक लहानशी मोफत शाळाही काढली. बारा गरीब मुले आणि एक मास्तर, एवढाच तिचा पसारा. मुलांच्या अन्नवस्त्राचा व राहण्याचा भार शाळेवरच होता, म्हणजे वसतिगृह पहिल्या दिवसापासून होते. त्या काळच्या मुंबईत तापाने आणि हगवणीने युरोपीय माणसे पटापट मरत. मागे राहिलेल्या मुलांना विलायतेत कोणी नसे आणि इथेही कोणी नसे.

पुढची शंभर वर्षे शाळा तशीच लहान राहिली. ब्रिटिश पार्लमेंटच्या १८१३ च्या सनदेने कंपनीच्या मुलखात अँग्लिकन चर्चची रीतसर घडी बसवली. कलकत्त्याला बिशप आला आणि मुंबईला जॉर्ज बार्न्स हे पहिले आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचे धर्माधिकारी, मिळाले. २९ जानेवारी १८१५ रोजी त्यांच्या पुढाकाराने गरिबांच्या शिक्षणासाठी सोसायटी, म्हणजेच पुढची बॉम्बे एज्युकेशन सोसायटी, स्थापन झाली आणि कॉब यांची शाळा तिच्याकडे आली. शिकवण्याची रीत अँड्र्यू बेल यांची होती. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचे, म्हणजे एका मास्तरावर मोठी शाळा चालते. ही रीतही बेल यांनी मद्रासेत, सैनिकांच्या मुलांच्या अनाथाश्रमातच बसवलेली.

सोसायटीचे मुख्य काम युरोपीय आणि मिश्र वंशाच्या मुलांसाठी असले, तरी एतद्देशीय मुलांकडेही तिचे लक्ष गेले. १८२० साली त्यासाठी स्वतंत्र समिती नेमण्यात आली. धर्मशिक्षणावर उभ्या असलेल्या संस्थेने हिंदू मुलांच्या शाळा चालवणे दोन्ही बाजूंना अडचणीचे होते. म्हणून १८२२ मध्ये ही शाखा वेगळी झाली आणि १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. गव्हर्नर एल्फिन्स्टनचा आश्रय, कॅप्टन जॉर्ज जर्विस यांची चिटणिशी, सदाशिव काशीनाथ छत्रे आणि बाळशास्त्री जांभेकर यांची लेखणी ही सगळी याच शाखेची पुंजी. मराठीतील सुरुवातीची छापील क्रमिक पुस्तके तिच्यातून आली. मूळ सोसायटीचा छापखानाही मराठीच्या उपयोगी पडला, कारण मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती तिथेच छापली गेली. बार्न्स शाळेच्या इतिहासात मराठी वाचकाला आपला वाटावा असा भाग हाच, आणि तो सहसा सांगितला जात नाही.

इकडे मूळ शाळा १८२५ च्या सुमारास कोटातल्या दाटीतून भायखळ्याच्या मोकळ्या जागेत गेली. शेजारी क्राइस्ट चर्च उभे राहिले आणि शाळेला तेच नाव लाभले. आगगाडी सुरू झाल्यावर रेल्वे, तारखाते आणि कस्टम यांतल्या अँग्लो-इंडियन नोकरदारांची मुले इथे येऊ लागली. परंतु ज्या हवेसाठी भायखळा निवडले, ती हवा पुढे गिरण्यांच्या धुराड्यांनी नेली. विसाव्या शतकात निवासी मुलांना मुंबईबाहेर हलवण्याचे ठरले आणि दिवसशाळा तेवढी भायखळ्यात राहिली.

त्यासाठी निवडलेली देवळाली समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फुटांवर. लष्कराची छावणी, रेल्वेची सोय, आणि क्षयरोगी मुद्दाम येऊन राहतील अशी कोरडी हवा. १९२३ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी कोनशिला बसवली. पुढे त्यांच्या जागी आलेल्या सर लेस्ली विल्सन यांनी २९ जानेवारी १९२५ रोजी शाळा उघडली. तारीख सोसायटीच्या स्थापनेची आणि नाव पहिल्या आर्चडीकनचे.

स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघाली आणि शाळेचा पट बदलू लागला. घटनेच्या ३३७ व्या कलमाने या समाजाच्या शाळांचे जुने अनुदान दहा वर्षे, टप्प्याटप्प्याने घटवत, चालू ठेवले; अट एवढीच की दरवर्षी किमान ४० टक्के जागा इतर समाजांना खुल्या असाव्यात. १९५३ अखेर बार्न्समध्ये ४१५ विद्यार्थी होते. त्यांत अँग्लो-इंडियन २१२ आणि इतर २०३, म्हणजे अटीपेक्षा जास्तच.

नेमक्या याच वेळी, ६ जानेवारी १९५४ रोजी, मुंबई सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन व आशियाबाहेरच्या वंशाचे नागरिक सोडून कोणालाही प्रवेश देऊ नये. घटना जागा खुल्या ठेवायला सांगते आणि सरकार त्या बंद करायला, असा हा पेच होता. सोसायटी उच्च न्यायालयात गेली. प्रवेश नाकारलेल्या मुलांचे पालकही गेले. १५ फेब्रुवारीला न्यायमूर्ती छागला व दीक्षित यांनी हुकूम रद्द ठरवला. सरकारने अपील केले. हिंदीला उत्तेजन देणे हा आपला हेतू आहे, असे त्याचे म्हणणे होते. २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. हेतू काहीही असो, केवळ भाषेच्या कारणावरून नागरिकाला सरकारी मदतीच्या शाळेचे दार बंद होत असेल, तर २९ व्या कलमाचा भंग होतो, असे न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांनी लिहिले. घटनेच्या पाठ्यपुस्तकांत बार्न्सचे नाव येते ते या खटल्यामुळे. गोऱ्यांच्या मुलांसाठी निघालेल्या संस्थेने भारतीय मुलांच्या प्रवेशासाठी कोर्टात भांडावे, हे आर्चडीकन बार्न्सच्या स्वप्नातही आले नसते.

ते खास अनुदान १९६० साली संपले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय परीक्षा मंडळाने अशा शाळांत चालणाऱ्या केंब्रिजच्या परीक्षांची जागा हळूहळू घेतली, आणि शाळाही त्याच मंडळाशी जोडली गेली. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि शाळा ज्या पंथातून निघाली त्या अँग्लिकन पंथाच्या उत्तर भारतातील मंडळ्या तिच्यात विलीन झाल्या. देवळालीत मुलगे व मुली वसतिगृहात राहून शिकतात, गावातली मुले दिवसा येऊन जातात. भायखळ्याची क्राइस्ट चर्च शाळाही चालू आहे.