प्रवाहाचे तुकडे आणि निरोपांचा हिशोब

घरोघरी रिकामे पडलेले संगणक इंटरनेटने जोडले की महासंगणकाची गरजच काय, असा पूर्वपक्ष नेहमी मांडला जातो. 1999 साली ‘सेटी ॲट होम’ने लाखो घरगुती संगणकांना परग्रहवासीयांचे संकेत शोधायला जुंपलं, तेव्हापासून तर त्याला धारच चढली. पण तिथे प्रत्येकाच्या वाट्याला आलेला रेडिओ-नोंदींचा तुकडा स्वतंत्र होता. वाहत्या हवेचं, पाण्याचं गणित असं सुटं होत नाही.

त्यासाठी प्रवाहाची जागा छोट्या घरांत विभागतात; प्रत्येक बाजूला 100 घरं असलेली घनाकार जाळी घ्या. एकूण घरं दहा लाख. ती एकाच प्रोसेसरकडे असेल, तर सहा पृष्ठांवरून शेजारच्या प्रोसेसरांना काळाच्या दर पायरीला कळवायच्या नोंदी 60 हजार, म्हणजे शेकडा 6. हीच जाळी 10 घरांच्या बाजूचे हजार ठोकळे पाडून वाटली, तर प्रत्येकाकडे घरं हजार आणि नोंदी 600. शेकडा 60! शिवाय प्रवाह असंपीड्य, म्हणजे दाबाने न आकसणारा, मानला, तर दाबाचं समीकरण सगळ्या क्षेत्रभर एकदम सोडवावं लागतं; एक प्रोसेसर रेंगाळला की बाकीचे ताटकळतात. महासंगणकाच्या आत निरोप एक-दोन मायक्रोसेकंदांत पोचतो. पुण्याहून दिल्लीला काचतंतूतून जायला प्रकाशालाच सहाएक मिलिसेकंद लागतात. ही हजारोंपटीची तफावत पैसे ओतून बुजणारी नाही.

यावर संगणकशास्त्रज्ञ जॉन गुस्ताफसन यांचा 1988चा युक्तिवाद पुढे येतो: यंत्रं वाढली तर प्रश्नही मोठा घ्या. खरं आहे, पुण्याच्या ‘प्रत्युष’ या महासंगणकावर हवामानाची प्रारूपं त्याच बळावर चालली. पण तिन्ही दिशांनी जाळी दुप्पट बारीक केली की घरं आठपट होतात, आणि साध्या पद्धतींत कुरांत, फ्रीडरिक्स, लेवी यांच्या 1928च्या अटीमुळे काळाची पायरी निम्मी करावी लागते. आठपट यंत्रं आणा, पायऱ्या दुप्पट त्या दुप्पटच, आणि त्या एकामागून एकच चढायच्या. उद्याचा अंदाज परवा हाती येऊन काय करायचा?

मग विखुरलेले संगणक कुचकामी? मुळीच नाही. ऑक्सफर्डच्या ‘क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट’ने 2003पासून प्रत्येक स्वयंसेवकाला हवामानाचं अख्खं प्रारूप दिलं, ढगांसारख्या गोष्टींचे गुणांक बदलले. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान सुमारे 2 ते 11 अंशांनी वाढू शकतं, असा विस्तृत पल्ला 2005मध्ये त्यातून निघाला. पूर्वपक्षवाले हे उदाहरण हटकून आपल्या बाजूने देतात. पण त्या हजारो संगणकांपैकी एकालाही दुसऱ्याच्या निरोपासाठी थांबावं लागत नव्हतं.