हिवाळ्यात गाव पाहताना कॅमेरा कुठे लावावा? दीडशे वर्षांपूर्वीच्या छायाचित्रकारांचे उत्तर

१/ डिसेंबर लागला की अमडापूर-चिखली रस्त्यावर लोणार, मेहकर, सिंदखेडराजाकडे निघालेल्या गाड्या वाढतात. प्रत्येक गाडीत निदान एक तरी कॅमेरा असतो आणि प्रश्नही ठरलेला असतो : तेथे चांगला फोटो कोठून मिळेल? हा प्रश्न जुना आहे. आपल्याच परिसरात तो १९व्या शतकात काहींनी सोडवला होता. हा धागा त्यांच्या उत्तराविषयी.

२/ प्रथम ऋतूविषयी. ब्रिटिश काळातील अधिकारी पावसाळा सरला की तंबू घेऊन दौऱ्यावर निघत आणि उन्हाळ्यापूर्वी परतत. पुरातत्त्व खात्याच्या पाहणीचे दिवसही मुख्यतः तेच. रस्ते कोरडे, नद्यांना उतार, पिके कापणीस आलेली, वास्तूंवर माजलेले गवत वाळलेले. म्हणून जुन्या छायाचित्रांत अनेकदा आपल्याला हिवाळ्यातला महाराष्ट्र दिसतो.

३/ दुसरे कारण रसायनाचे होते. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र टिपायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची. थर वाळला की काच वाया. एप्रिल-मेच्या उन्हात हा थर किती वेगाने वाळत असेल, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

४/ त्यामुळे ‘जागा’ शोधणे म्हणजे केवळ देखावा शोधणे नव्हते. तंबू ठोकण्यास सपाट जमीन हवी, काच धुण्यास जवळ विहीर किंवा बारव हवी, पेट्या वाहण्यास माणसे आणि बैलगाडी हवी. एका चित्रासाठी एवढा खटाटोप असल्यामुळे कॅमेरा लावण्यापूर्वी वास्तूभोवती चालणे, सावली कोठून कोठे सरकते ते पाहणे भाग होते. पाहणे आधी, टिपणे नंतर.

५/ या मंडळींतील आपल्या सर्वांत जवळचे नाव मेजर रॉबर्ट गिल (१८०४-१८७९). अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि १८६०च्या दशकात लोणारच्या मंदिरांचीही छायाचित्रे घेतली. १८६४ मध्ये त्यांच्या शंभर छायाचित्रांचा संग्रह जेम्स फर्ग्युसन यांच्या वर्णनांसह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

६/ ही छायाचित्रे स्टिरिओस्कोपसाठी होती. दोन भिंगांनी थोड्या अंतरावरून एकच दृश्य टिपायचे. दुर्बिणीसारख्या साधनातून पाहिले की त्याला खोली येते. पण ही खोली दिसण्यासाठी जवळ काहीतरी लागते. म्हणून अशा चित्रांत पुढे एखादा खांब, दगड किंवा माणूस, मध्ये वास्तू आणि मागे आकाश अशी मांडणी उपयोगी ठरते. आजही सपाट वाटणारा फोटो दोन पावले मागे सरून, पुढे एखादी ओवरी घेतली की बदलतो.

७/ गिल यांच्यानंतरच्या पिढीतले हेन्री कझन्स. पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात काम करताना त्यांनी लोणार, मेहकर आणि चिखलीजवळील सातगाव येथील यादवकालीन वास्तूंची नोंद केली. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या काळी कोरड्या काचा आल्या होत्या, तंबूची सक्ती संपली होती. परंतु सूर्य तोच होता.

८/ तो सूर्य समजून घेऊ. आपला परिसर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. शिल्पातील चेहऱ्यांच्या डोळ्यांत काळोख साचतो. डिसेंबरअखेरीस मात्र भर दुपारीही तो दक्षिणेकडे सुमारे ४६ अंशांवरच राहतो. उगवतो आग्नेयेकडे झुकून, मावळतो नैर्ऋत्येकडे झुकून. दिवसभर प्रकाश तिरपा आणि तिरपा प्रकाश कोरीव कामाचा मित्र.

९/ यावरून काही साधे नियम निघतात. हिवाळ्यात मंदिराची दक्षिण भिंत दिवसभर उजळलेली असते. तिच्यावरील शिल्पे सकाळी लवकर किंवा उतरत्या दुपारी घ्यावीत. उत्तर भिंतीला थेट ऊन मिळत नाही. तिचे बारकावे मऊ उजेडात, घाई न करता टिपावेत. पूर्वाभिमुख मंदिरात सकाळचे किरण सरळ गाभाऱ्यात न जाता सभामंडपाच्या उत्तरेकडील खांबांवर येतात. तेथे थांबावे.

१०/ लोणारचे विवर हेच सूत्र मोठ्या प्रमाणावर दाखवते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या खळग्याच्या दक्षिण काठावर उभे राहिलात तर सूर्य पाठीशी राहतो आणि समोरचा उत्तरेकडील उतार उजळलेला दिसतो. गावातील दैत्यसूदन मंदिराला मात्र एक प्रदक्षिणा घालावी, कॅमेरा बंद ठेवून. मेहकरच्या जुन्या धर्मशाळेत खांबांच्या सावल्या मोकळ्या चौकाकडे कशा सरकतात, हे अर्धा तास बसल्याशिवाय कळत नाही.

११/ आता मुख्य मुद्दा. गिल यांनी अजिंठ्याच्या तैलचित्रांवर वर्षानुवर्षे खर्च केली. त्यांतील बहुतेक चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाली. त्यांची छायाचित्रे मात्र उरली, कारण त्यांच्या अनेक प्रती निघाल्या होत्या. आज मूळ भित्तिचित्रांचे रंगही झिजले आहेत. एखाद्या भिंतीवर तेव्हा काय होते, हे सांगणारा साक्षीदार कधी कधी एक पुसट छायाचित्र एवढाच असतो.

१२/ म्हणून माझे मत असे की, इतिहासाच्या दृष्टीने उत्तम जागा ती, जेथे आपल्या आधी कोणीतरी कॅमेरा लावला होता. जुने छायाचित्र सोबत घ्या. कळस आणि पुढचा खांब यांची एकमेकांशी रेघ जुळेपर्यंत डावीकडे-उजवीकडे सरका. त्यांची उंची जुळेपर्यंत पुढे-मागे व्हा. दोन्ही जुळले की तुम्ही त्याच ठिकाणी उभे आहात. मग दिसते : हा दगड निखळला, येथे सिमेंट आले, येथे पिंपळ रुजला.

१३/ अशा फोटोबरोबर तारीख, वेळ, दिशा आणि उभे राहण्याची खूण लिहून ठेवावी. जुना फोटो नसेल तर आपला फोटो पहिला समजावा. अमडापूरच्या बल्लाळदेवीच्या टेकडीवरून दर हिवाळ्यात एकाच जागेवरून गाव टिपले, तर २० वर्षांत गावाच्या वाढीचा पुरावा घरात तयार होईल. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मोबाईल पुरेसा आहे. संरक्षित स्मारकात तिपाईसाठी परवानगी लागते, तेवढे आधी विचारावे.

१४/ शेवटी एक उणीव, जी आपण भरून काढू शकतो. त्या काळच्या छायाचित्रांत प्रमाण कळावे म्हणून खांबाशेजारी अनेकदा स्थानिक माणूस उभा केलेला असतो. खांबाचे नाव नोंदले गेले. त्या माणसाचे बहुधा नाही. पेट्या वाहणाऱ्यांचे, पाणी आणणाऱ्यांचेही नाही. या हिवाळ्यात तुमच्या फोटोत मंदिराच्या पायरीवर कोणी आजी बसल्या असतील, तर आधी त्यांना विचारा आणि त्यांची संमती असेल तर त्यांचे नावही लिहून ठेवा.