कच्ची पाने आणि पक्की नोंद

सातारा जिल्ह्यातून १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. परंतु हस्तलिखित सातबाराच्या काळात दोहोंकडील रीत एकच होती. तलाठी फेरफार प्रथम पेन्सिलीने दाखवी. मंडल अधिकाऱ्याने तो प्रमाणित केल्यावर शाई चढे. तोवर कोणीही शहाणा खातेदार खरेदीचे कागद हातचे सोडीत नसे. हे साम्य फार ताणण्याजोगे नाही, कारण मंडल अधिकारी नोंदीची सत्यता पाहतो, तर संगणकास मजकुराच्या खरेखोटेपणाशी कर्तव्य नसते. तथापि कागद केव्हा टाकावा, हा प्रश्न दोहोंकडे सारखाच आहे.

जुन्या युनिक्स प्रणालीत प्रोग्रॅमने लिहिलेला मजकूर स्मृतीतील पानावर राही व सुमारे ३० सेकंदांच्या अंतराने डिस्कवर उतरविला जाई. बदललेले परंतु न उतरलेले असे पान म्हणजे 'डर्टी पेज'. यंत्र बंद पडल्यास पान जाई. पण त्याबरोबर लिहिणारा प्रोग्रॅमही जाई. सन कंपनीने १९८४-८५ च्या सुमारास 'नेटवर्क फाइल सिस्टिम' आणली आणि ही परिस्थिती पालटली. आता सर्व्हर कोसळला तरी क्लायंट जिवंत राही, आणि आपले लेखन सुरक्षित आहे अशा समजुतीने पुढे चाले.

म्हणून दुसऱ्या आवृत्तीत नियम कडक होता : मजकूर टिकाऊ साठ्यात पोचल्याखेरीज सर्व्हरने होकार देऊ नये. त्यायोगे लेखन अतिशय मंदावले, व काही सर्व्हर वेगासाठी हा नियम सर्रास मोडू लागले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने यावर मार्मिक तोड काढली. सर्व्हर मजकूर स्मृतीत घेऊन लगेच होकार देतो, परंतु सोबत आठ बाइटांची एक खूण पाठवितो. पुढे क्लायंट 'कमिट' मागतो. सर्व्हर मध्यंतरी पुन्हा सुरू झाला असेल, तर खूण बदललेली आढळते व क्लायंट सर्व पाने नव्याने पाठवितो. अर्थात कमिट होईपर्यंत पाने टाकता येत नाहीत, आणि कर्नलमधील ड्रायव्हरची खरी अडचण हीच आहे. पान पाठविले गेले, तरी स्मृती मोकळी होत नाही. लिनक्समध्ये अशा पानांची 'अस्थिर' म्हणून स्वतंत्र मोजदाद असे. २०२० साली ती बंद करून ही पाने लेखनाधीन पानांतच धरण्यात आली.

विलंबित लेखन फसले तर ते कोणास कळवावे, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. लिहिणारा प्रोग्रॅम तोवर पुढे गेलेला असतो. लिनक्समध्ये एकाने 'एफसिंक' करून चूक वाचली की ती पुसली जाई, आणि दुसऱ्यास सारे कुशल असल्याचे उत्तर मिळे. २०१७ साली प्रत्येक उघड्या फाइलीस चूक स्वतंत्रपणे कळविण्याची सोय झाली. पुढल्याच वर्षी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कर्त्यांना आढळले की, फसलेले एफसिंक पुन्हा केल्यास ते यशस्वी ठरते, पण मजकूर डिस्कवर नसतोच. तेव्हापासून असे घडताच तो डेटाबेस स्वतःस बंद पाडून आपल्या नोंदवहीवरून सर्व लेखन पुन्हा करतो.