मांडवीपासून लंडनपर्यंत



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते आम्हांस शब्दाचा अर्थ सांगताना त्याचे घरही दाखवीत. ‘मांडवी’ हा शब्द त्यांनी आम्हांला बडोद्याच्या जुन्या शहरात, चार दरवाजांच्या मधोमध उभे करून शिकविला. मांडवी म्हणजे जकात घेण्याचे ठिकाण. गुजरातेतील महानगरपालिकांची जकात २००७ मध्ये रद्द झाली. शब्द मात्र राहिला.

अलीकडे त्याच ठिकाणी रस्ता ओलांडण्यासाठी मी बराच वेळ तिष्ठत उभा होतो. वाहने इतकी दाटली होती की, ती स्वतः चालत नव्हती आणि मलाही चालू देत नव्हती. मनात आले, मालावरील कर गेला हे ठीक. पण जागा अडविणाऱ्याकडून तिचे मोल घ्यावे काय?

या प्रश्नाला इतिहास आहे. १९५९ मध्ये विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन शहरासाठी अशी योजना सुचविली. विचार साधा आहे. गर्दीत शिरणारा वाहनचालक स्वतःचा वेळ मोजतो; आपल्यामुळे मागच्यांचा झालेला खोळंबा मोजत नाही. तो खोळंबा शुल्करूपाने त्याच्या हिशेबात आणावा. ब्रिटनमध्ये १९६४ च्या स्मीड समितीनेही याच दिशेने विचार केला.

प्रत्यक्ष प्रयोग जून १९७५ मध्ये सिंगापूरने केला. सकाळी मध्यवर्ती भागात जाणाऱ्या मोटारीला तीन डॉलरचा कागदी परवाना काचेवर लावावा लागे. चार माणसे बसलेल्या मोटारीस माफी होती. त्या वेळची वाहने चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. १९९८ मध्ये कागदाची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली. लंडनमध्ये महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी १७ फेब्रुवारी २००३ पासून पाच पौंड शुल्क लावले. आरंभी कोंडी सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाली. पुढे काही वर्षांत ती पुन्हा वाढली. केवळ शुल्क म्हणजे रामबाण नव्हे, हा त्यातील धडा.

स्टॉकहोमची कथा मला विशेष बोधप्रद वाटते. तेथे २००६ मध्ये सात महिने प्रयोग झाला. आधी बहुसंख्य नागरिक विरोधात होते. रहदारी सुमारे एक पंचमांशाने उतरल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावर, सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने कौल अनुकूल दिला, आणि ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झाले. उलट, एडिंबरोच्या नागरिकांनी २००५ मध्ये अनुभव घेण्यापूर्वीच योजना मोठ्या बहुमताने फेटाळली. न्यूयॉर्कमध्ये हे शुल्क जानेवारी २०२५ मध्ये आले.

आक्षेप असा की, श्रीमंत पैसे फेकून जाईल आणि गरीब अडेल. हा आक्षेप हलका नाही. परंतु आज बसच्या दांड्याला लोंबकळणारा आणि पायी चालणारा या कोंडीची किंमत भरीतच आहे. फक्त ती पैशांत नव्हे, आयुष्याच्या घटकांत. म्हणून माझ्या मते क्रम असा असावा : आधी पुरेशा बसगाड्या आणि मोकळे पदपथ, मग शुल्क, आणि त्यातील पै न् पै याच कामी खर्च झाल्याचा जाहीर हिशेब.

जुन्या जकातीला माल जितका अधिक येई तितका लाभ अधिक. या नव्या नाक्याचे यश मात्र न आलेल्या वाहनांवरून मोजावयाचे. मुलांनो, मांडवीवरून जाताना हा भेद आठवा, आणि एखाद्या वृद्धाला रस्ता ओलांडून द्या.