सायलेन्सरचा गंजलेला स्टड तुटला? ईझी-आऊट घालण्याआधी हे वाचा

बाईकचा सायलेन्सर इंजिनच्या हेडला जिथे जोडलेला असतो, तिथे सहसा दोन स्टड असतात. बऱ्याच १००-१५० सीसी गाड्यांत ते जेमतेम ६ मिलिमीटर जाडीचे. पावसाळ्यातला चिखल, किनाऱ्यावरची खारी हवा आणि रोजचं तापणं-निवणं यामुळे स्टड आणि नट गंजून एकजीव होतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आटे आणखी आवळले जातात. मग लांब पान्याने जोर लावला की नट सुटत नाही, स्टडच मोडतो.

म्हणून आधी बाहेरचे आटे वायर ब्रशने साफ करायचे, गंज सोडवणारं तेल मारायचं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी सहा कोनी सॉकेट लावायचा. नट थोडा सैल झाला की परत थोडा आवळायचा, पुन्हा तेल, पुन्हा सैल. काम कंटाळवाणं आहे, पण स्टड वाचतो तो इथेच.

तरीही मोडला, तर बाहेर किती उरलाय ते पाहा. पुरेसा असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटाला पाना लावतात. थोडाच उरला असेल तर त्यावर नट वेल्ड करून घेणं सगळ्यात खात्रीचं, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंजाची पकड सुटते. त्याआधी बॅटरी सोडायची आणि पेट्रोलची टाकी उतरवायची.

खरी पंचाईत होते ती स्टड हेडच्या पातळीत मोडला तर. अशा वेळी अनेक जण भोक पाडून ईझी-आऊट घालतात. पण ६ मिलिमीटरच्या स्टडमध्ये जाणारा ईझी-आऊट बारीक आणि ठिसूळ असतो. तो आत तुटला तर साधा ड्रिल त्याला कापत नाही, आणि काही रुपयांच्या स्टडसाठी अख्खं हेड उतरवायची वेळ येते.

त्यापेक्षा बरोबर मध्यावर पंच मारून डाव्या फिरकीचा ड्रिल वापरावा. भोक पडता पडता तुकडा पुष्कळदा आपोआप फिरून बाहेर येतो. मध्य चुकला तर मात्र ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतो आणि हेडचे आटे जातात. तेव्हा भोक मोठं करून हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवावे लागतात. हे काम लेथवाल्याकडेच द्यावं.

नवा स्टड बसवताना नटाच्या आट्यांना कॉपरची अँटी-सीझ पेस्ट लावतात. साधं ग्रीस तिथल्या उष्णतेत जळून जातं.