गिअर पडत नाही! एका लिव्हरची शंभर वर्षांची गोष्ट

इअरफोन लावून गाडी चालवत हा भाग ऐकत असाल, तर आधी गाडी बाजूला घ्या. खरंच घ्या. आजचा विषय गाडीचाच आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लिहून काढलंय. बोलताना भरकटलेली दोन-चार वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.

तर झालं असं. गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, गाडीचा गिअरबॉक्स गेला." गडी पार्सल पोहोचवण्याचं काम करतो, आणि त्यासाठी त्याने शंभर सीसीची एक जुनी गाडी घेतली होती. तक्रार अशी, की सिग्नलला थांबलं की न्यूट्रल सापडत नाही. पहिल्यावरून दुसऱ्यात, दुसऱ्यावरून पुन्हा पहिल्यात, पण मधला हिरवा दिवा काही लागत नाही. आणि न्यूट्रलमधून पहिला टाकला की क्लच पूर्ण दाबलेला असूनही 'खट्ट' आवाज होऊन गाडी पुढे उडी मारते. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, इंजिन उतरवावं लागेल, आठ हजार धरून चाला. गाडी चार दिवस गॅरेजमध्ये म्हणजे चार दिवस कमाई बंद. म्हणून उसने मागायला फोन.

मी त्याला एकच विचारलं. "इंजिन बंद केल्यावर न्यूट्रल सापडतं का?"

"हो की. लगेच. एका बोटाने."

म्हटलं, मग संध्याकाळपर्यंत इंजिन कोणाला उघडू देऊ नकोस. का ते सांगतो, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल. कारण गिअर न पडण्याचं दुखणं बहुतेक वेळा गिअरमध्ये नसतंच, ते वाटेत असतं. आपल्या हातापायापासून गिअरपर्यंत जी वाट जाते ना, तिच्यात. आणि ही वाट गेल्या शंभर वर्षांत तीन-चारदा बदलली आहे. प्रत्येक वाटेचं दुखणं वेगळं.

सुरुवातीच्या मोटारसायकलींना गिअर हाताने टाकायचे. पेट्रोलच्या टाकीच्या बाजूला एक दांडी असायची, जीपला असते तशी. म्हणजे गिअर बदलताना एक हात हँडलवरून काढायचा. कच्च्या रस्त्यावर, वळणावर! पायाने गिअर टाकायचे प्रयोगही झाले होते, पण त्यात एक गोची होती. पॅडल वरून खालपर्यंत सलग फिरायचं, आणि दुसरा गिअर नेमका कुठे आहे हे पायाच्या अंदाजाने ओळखावं लागायचं. शर्यतीत हा अंदाज चुकला की संपलं.

मग १९२० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या व्हेलोसेट कंपनीच्या हॅरॉल्ड विलिस यांनी यावर तोड काढली. स्वतः शर्यती मारणारा इंजिनिअर माणूस. त्यांनी लिव्हर आणि गिअर यांच्या मध्ये खटका बसवला. लिव्हर एकदा दाबली की एकच गिअर बदलणार, आणि पाय उचलला की लिव्हर पुन्हा मधल्या जागी येणार. तुम्ही आज सकाळी कॉलेजला किंवा कामाला जाताना पायाने जे टक्-टक् केलंत, ते हेच. तत्त्व तेच राहिलंय.

आता या वाटेचं दुखणं बघा. लिव्हरला मधल्या जागी परत आणतं कोण? एक स्प्रिंग. एक गिअर पडतो आणि मग लिव्हर तिथेच लोंबकळत राहते, पायाने उचलून आणावी लागते, असं होत असेल तर संशय त्या स्प्रिंगवर. पण त्याआधी खाली वाकून बघा. गाडी डाव्या अंगावर पडली होती का? पडली की लिव्हर आत वाकते आणि इंजिनच्या कव्हरला किंवा फुटरेस्टला घासते. मग स्प्रिंग धडधाकट असूनही लिव्हर परत येत नाही. शिवाय लिव्हर जिथे शाफ्टवर बसते तिथे बारीक दाते असतात. तो बोल्ट ढिला राहिला की दाते झिजतात, आणि पाय खाली जातो पण शाफ्ट फिरतच नाही. ही सगळी दुखणी इंजिनच्या बाहेरची. दहा नंबरचा पाना आणि पाच मिनिटं.

तिकडे इटलीत १९४६ मध्ये वेस्पा आली. ती काढणारे कोरादिनो दास्कानियो मूळचे विमानांचे इंजिनिअर, आणि त्यांना मोटारसायकल मुळीच आवडायची नाही. त्यांनी गिअर पुन्हा हातात दिला, पण हँडल सोडायला न लावता. डाव्या मुठीतच क्लच, आणि ती मूठच फिरवून गिअर. आपल्याकडे आकुर्डीला बजाजने आधी वेस्पाच्या परवान्यावर स्कूटर बनवल्या आणि १९७२ मध्ये चेतक आणली. तुमच्या आईबाबांना विचारा, मनगटाने गिअर टाकलेली ती पिढी आहे.

चेतकची वाट म्हणजे मुठीपासून खाली इंजिनपर्यंत जाणाऱ्या दोन वायरी. एक ओढते, दुसरी सोडते. वायर ताणली की मुठीवर दिसायचा दुसरा आणि आत असायचा भलताच, किंवा दोन्हींच्या मधलं काहीतरी. घर्रर्र! त्या काळच्या मेकॅनिकचा हात आधी वायरीच्या ॲडजस्टरवर जायचा, इंजिनवर नाही. ही सवय मला फार मोलाची वाटते. वायर समोर दिसायची म्हणून संशयही आधी तिच्यावर. मोटारसायकलची लिव्हर सरळ इंजिनमध्ये घुसते, म्हणून आपला संशयही सरळ इंजिनमध्ये घुसतो.

येझ्दीबद्दल बोलायचं तर वेगळा भाग करावा लागेल. एवढंच सांगतो, तिची किक आणि गिअरची लिव्हर एकच होती. किक मारायची, लिव्हर पुढे वळवायची, झाला गिअर.

आपल्या शंभर सीसीच्या गाड्यांची खरी आजी मात्र जपानची. १९५८ ची होंडा सुपर कब. तिला क्लचची लिव्हरच नाही! सोइचिरो होंडांच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक होतं ते नूडल्सच्या दुकानातला पोऱ्या. एका हातात ट्रे, एका हाताने गाडी. आज आपण ज्याला डिलिव्हरी बॉय म्हणतो तोच की. त्यामुळे डाव्या हाताला काम ठेवायचंच नाही असं ठरलं. पायाने गिअर दाबला की आधी क्लच सुटतो, मग गिअर पडतो, दोन्ही एकाच दाबात. आणि पुढचा गिअर हवा असेल तर पंजा दाबायचा, मागचा हवा तर टाच.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. हिला क्लचची लिव्हर होती, पण पंजा-टाचेची लांब लिव्हर आणि सगळे गिअर पंजाने खाली दाबायचे ही तऱ्हा कबसारखीच. इंजिनचं सिलिंडरही तसंच आडवं. चपला घालून गाडी चालवणाऱ्या देशाला ती लिव्हर मानवली नसती तरच नवल! ज्याने चपलेच्या पट्ट्यावर लिव्हर उचलून गिअर टाकलाय, त्याला अंगठ्याचं दुःख विचारा. तोटा एकच. अशा गाडीवर शिकलेला माणूस एक खाली-बाकी वरच्या गाडीवर बसला, की घाईत पाय उलटा पडतो. वरचा हवा असतो, पडतो खालचा, आणि मागचं चाक खेचलं जातं. याला बिघाड म्हणू नका. पण सेकंडहँड गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात 'गिअर नीट पडत नाही' म्हणून येणाऱ्या तक्रारींत याचा वाटा असतोच.

त्याहून जीवघेणा गोंधळ होता डाव्या-उजव्याचा. ब्रिटिश गाड्यांचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. जपानी गाड्यांचं बरोबर उलट. अमेरिकेत दोन्ही रस्त्यावर होत्या, म्हणून तिथल्या सुरक्षा नियमाने १ सप्टेंबर १९७४ पासून गिअर डाव्या पायालाच हवा असं ठरवलं. ट्रायम्फ आणि नॉर्टनला लिव्हर उचलून डावीकडे आणावी लागली. आपली बुलेट १९५५ पासून मद्रासला बनत होती, आणि तिचा गिअर उजवीकडेच राहिला, थेट एकविसावं शतक उजाडेपर्यंत. पहिला वर, बाकीचे खाली. त्यामुळे इतर गाड्यांवर शिकलेला कोणी जुन्या बुलेटवर बसला, की समोर कुत्रं आलं म्हणून उजवा पाय दाबायचा आणि ब्रेकऐवजी वरचा गिअर पडायचा. न्यूट्रल शोधण्याची कटकट तर इतकी जुनी, की या बुलेटला त्यासाठी एक वेगळी छोटी लिव्हरच होती, न्यूट्रल फाइंडर. टाचेने दाबली की गाडी न्यूट्रलला.

आता भावाच्या गाडीकडे येऊ. आपल्या गाडीतले गिअर एकमेकांत कायम गुंतलेलेच असतात. बदलतं काय, तर गिअरच्या कडेला असलेले जाड दात शेजारच्या गिअरच्या खाचेत शिरतात किंवा बाहेर येतात. त्यांना सरकवणारा असतो फोर्क. हे दात एकमेकांना रेटत असतील, तर ते सहज बाहेर येत नाहीत. क्लच दाबण्याचा उद्देशच तो रेटा काढून घेणं. पण क्लच अर्धवटच सुटत असेल तर? इंजिन आतून ढकलत राहतं, दात अडकून राहतात, न्यूट्रल हुकतं. पहिला टाकला की गाडी उडी मारते. इंजिन बंद केलं की रेटाच संपला, आणि न्यूट्रल एका बोटाने सापडतं. कळलं ना? गिअरबॉक्स ठणठणीत होता. क्लच सुटत नव्हता.

संध्याकाळी आम्ही बघितलं. क्लचच्या लिव्हरचं टोक साधारण दहा ते वीस मिलिमीटर मोकळं हललं पाहिजे आणि मग वायर ताणली गेली पाहिजे. याची लिव्हर अर्धी दाबली जाईपर्यंत काहीच होत नव्हतं. ॲडजस्टर शेवटपर्यंत फिरवलेला होता. वायर वरच्या टोकाला उसवली होती, सात-आठ तारांवर तगून होती. नवीन वायर दोनशेच्या आत आली. ऑइलही काळं आणि जुनं होतं, तेही बदललं. दुकानदार कारचं ऑइल देत होता, स्वस्त पडतं म्हणून. ते घेऊ नका. आपला क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या गोष्टींनी प्लेटा घसरायला लागतात. डब्यावर 'जासो एमए' असं लिहिलेलं बघून घ्या.

हेही सांगायला हवं, की गॅरेजवाला नेहमीच फसवत नसतो. गाडी जोरात पळताना गिअर आपोआप सटकून न्यूट्रल होत असेल, आणि ते नेहमी एकाच गिअरला होत असेल, तर दात गोल झालेत किंवा फोर्क वाकलाय. तिथे वायर बदलून काही होणार नाही, इंजिन उघडावंच लागेल. चढावर ट्रकच्या पुढे असताना गिअर सटकला तर काय होईल ते मी सांगायला नको, तेव्हा अशी गाडी चालवत राहू नका.

भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेला. दुपारी स्वारगेटच्या सिग्नलवरून त्याने व्हॉइस नोट पाठवली. बोलला काहीच नाही. नुसता इंजिनचा आवाज, मग एक हलकं 'टक्', आणि मागून कोणाचा तरी हॉर्न.